धान कुठे पिकावे हे भाव ठरवतो : कृषी खर्च व मूल्य आयोगाला एका धान उत्पादकाचे खुले पत्र

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
कृषी खर्च व मूल्य आयोग, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मृग लागायच्या आगेमागे केंद्र सरकार खरिपाचे हमीभाव जाहीर करते. त्या दिवशी आमच्या गावात एकच आकडा तोंडोतोंडी फिरतो, धानाचा. २०२५-२६ साठी साधारण प्रतीच्या धानाला तो २,३६९ रुपये क्विंटल होता. जाहीर मंत्रिमंडळ करत असले तरी शिफारस तुमची असते, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी वैनगंगेच्या खोऱ्यातला, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला शेतकरी. साडेतीन एकर बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत. आमच्याकडे शेतात असते ते धान, गिरणीतून येतो तो तांदूळ आणि ताटात पडतो तो भात. कोकणात शेतातल्या पिकालाही भातच म्हणतात. हा खुलासा एवढ्यासाठी की धान आणि तांदूळ यांची गल्लत वर्तमानपत्रांत नेहमी होते आणि त्यात तिसऱ्या हिश्श्याचा घोळ असतो. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानाचा ६७ किलो तांदूळ धरतात. बाकी तूस आणि कोंडा.

भाव वाढवून द्या, अशी पत्रे तुम्हाला पोत्याने येत असतील. भाव वाढला तर मला नको आहे असे मुळीच नाही. पण आज सांगायचे आहे ते वेगळे. देशाला तांदूळ किती लागेल याची चिंता सगळेच करतात. तो कुठल्या पाण्यावर पिकवायचा, हे मात्र कोणी बसून ठरवलेले नाही. ते तुमचा भाव आणि सरकारची खरेदी मिळून ठरवत आली आहेत, आणि माझ्या मते चुकीचे ठरवत आली आहेत.

आधी किती हा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये लोकसंख्येत आपण चीनला मागे टाकले. त्यामुळे ‘इतक्या तोंडांना तांदूळ पुरणार कसा’ हा प्रश्न साहजिक वाटतो. पण २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १३ कोटी ७८ लाख टन तांदूळ पिकला. त्यातला पाच कोटी टनांहून जास्त सरकारने विकत घेतला. अन्न सुरक्षा कायद्याखाली ८१ कोटी लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य फुकट जाते, तरी गोदामे उतू जातात. १ जुलैला केंद्राच्या साठ्यात १३५ लाख टन तांदूळ असला तरी पुरे, असा सरकारचाच दंडक आहे. २०२४ आणि २०२५ च्या जुलैत साठा त्याच्या दुपटीहून जास्त होता. वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास तांदूळ आपण परदेशी धाडतो, म्हणजे जगाच्या तांदूळ व्यापारातला साधारण चाळीस टक्के. आणि तरी उरतो म्हणून सरकारी गोदामातला तांदूळ इथेनॉलच्या कारखान्यांना देतात. ज्याची शिते सांडली तर आजी कानउघाडणी करायची, तो आता गाडीत जळतो.

पुढे मागणी वाढेल, पण ती डोकी मोजून सरळ रेषेत वाढत नाही. जपानचे उदाहरण आहे. तिथे १९६२ मध्ये माणशी वर्षाला ११८ किलो तांदूळ खपत होता, आता त्याच्या निम्म्याहूनही कमी खपतो. हातात पैसा आला की माणूस भात कमी आणि दूध, अंडी, भाजी जास्त खातो. आपल्याकडेही २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या खाली आलेला दिसला. २०११-१२ मध्ये तो दहाच्या वर होता. तेव्हा तांदूळ कमी पडेल, ही भीती निदान आज खरी नाही.

खरी भीती दुसरी आहे. २०२३ च्या पावसाळ्यात एल निनोची चाहूल लागली, बाजारात तांदूळ चढू लागला, आणि २० जुलैला सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद केली. ती पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत बंदच राहिली. कोठार भरलेले असताना एका ढगाला एवढे घाबरणारे घर मजबूत म्हणावे का?

तांदूळ आमच्याकडे परक्या पाहुण्यासारखा आलेला नाही. झाडीपट्टीत पाऊस धो धो पडतो, जमीन पाणी धरते, आणि कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळापासून उताराला आडवे बांध घालून तलाव बांधले. मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेल्यावर सरकारदप्तरी त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले आणि बोलण्यात ते ‘मामा तलाव’ झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. तलाव, त्याच्याखाली बोडी, म्हणजे लहान तळे, बोडीखाली बांध्या. ऑगस्टात पावसाने दडी मारली की एक पाणी तलावातून सोडायचे, तेवढ्यावर धान निसवते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर लावायची. धान कापायच्या आधी चिखलातच लाखोळी नाहीतर जवस फेकायचे, उरल्या ओलाव्यावर ते येते. याला आम्ही उतेरा म्हणतो. एका पावसात तीन पिके, आणि विजेचे बिल शून्य.

आता पंजाब. १९६०-६१ मध्ये आजच्या पंजाबात धानाखाली सव्वादोन लाख हेक्टरांच्या आसपास जमीन होती. आज ती ३२ लाख हेक्टरांच्या घरात आहे, म्हणजे चौदा पट. तिथला माणूस पोळी खाणारा. तिथला पाऊस आमच्या निम्मासुद्धा नाही. तरी तिथे धान गेले, आणि गेले ते शेतकऱ्याच्या हौसेने नव्हे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ ज्यांच्या आठवणीत ताजा होता आणि अमेरिकेच्या जहाजांतून येणाऱ्या गव्हावर ज्यांनी दिवस काढले, त्या राज्यकर्त्यांनी १९६५ मध्ये अन्न महामंडळ काढले, तुमचा आयोगही त्याच वर्षीचा. पाठोपाठ आयआर-८ आणि जया या बुटक्या, खत पचवणाऱ्या जाती आल्या. ज्याच्याकडे हमखास पाणी त्याला हे बियाणे पावले. सरकारने पंजाबला सांगितले, पिकवा, आम्ही सगळे घेतो. त्यांनी पिकवले आणि देशाला खाऊ घातले. त्या शेतकऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ट्यूबवेलच मारली असती.

पण हिशेब पाहा. किलोभर धान पिकवायला सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, असे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ मांडतात. त्यात पावसाचेही आले, मुरून पुन्हा जमिनीत जाणारेही आले, म्हणून हा आकडा जसाच्या तसा वापरू नये हे मला कळते. तरी गंमत म्हणून मी गुणाकार केला. दोन कोटी टन तांदूळ म्हणजे तीन कोटी टन धान. त्याचे पाणी कोयनेसारखी पंचवीस धरणे काठोकाठ भरतील एवढे झाले. हे पाणी आमच्यासारख्या ठिकाणी आभाळातून पडते. वापरले नाही तर वाहून जाते. पंजाबात त्यातले मोठे पाणी जमिनीखालून उपसलेले असते. तिथे वर्षाला जेवढे पाणी जमिनीत भरते, त्याच्या दीडपटीहून जास्त काढले जाते. केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतात. १९९७ पासून शेतीची वीज फुकट. पाणी दरवर्षी खोल जाते, मोटार मोठी होते, बिल येतच नाही.

त्यावर उपाय म्हणून तिथे २००९ मध्ये भूजल वाचवण्याचा कायदा झाला आणि १० जूनच्या आधी रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायला बंदी आली. हेतू चांगला होता. पण रोवणी पुढे गेली तशी कापणी पुढे गेली, धान आणि गहू यांच्यामधले दिवस कमी झाले, आणि हार्वेस्टरने सोडलेले खुंट जाळण्याची घाई वाढली. दिल्लीतल्या तुमच्या कचेरीच्या खिडकीतून नोव्हेंबरात जे दिसते, किंवा दिसत नाही, त्यात या दोन-तीन आठवड्यांचाही हात आहे, असे अनेक अभ्यासक म्हणतात.

यात तुम्ही कुठे आलात ते सांगतो. तुम्ही देशभरचा उत्पादन खर्च गोळा करता, त्याची सरासरी काढता आणि तिच्यावर भाव बेतता. २०२५-२६ साठी धानाचा खर्च १,५७९ रुपये धरला गेला आणि त्यावर निम्मे चढवून २,३६९ झाले. पण तुमच्याच तक्त्यात राज्यवार खर्च छापलेला असतो. तिथे क्विंटलमागे सर्वांत स्वस्त पिकवणाऱ्यांत पंजाब आहे आणि सर्वांत महाग पिकवणाऱ्यांत महाराष्ट्र. कारण सरळ आहे. त्यांचे पीक हेक्टरी चार टनांहून जास्त तांदूळ देते, आमचे दोन टनांच्या आसपास. खर्चाला भागाकार तिथे मोठ्या आकड्याने होतो, इथे लहान. शिवाय त्यांच्या खर्चात उपसलेल्या पाण्याची किंमत येतच नाही. वीज फुकट, मग पाणीही फुकट. तुमच्या अहवालांत पाण्यावर चांगली पाने असतात, मी वाचली आहेत. पण भाव काढताना ती पाने बाजूला राहतात. जमिनीखालचे पाणी संपवणारा क्विंटल आणि पावसाच्या पाण्यावरचा क्विंटल, दोघांना एकच भाव. मग ज्याला तो परवडतो तो दुप्पट लावतो आणि ज्याला परवडत नाही त्याचा मुलगा नागपूरला नाहीतर पुण्याला जातो.

आणि हा भाव तरी पदरात पडतो का? अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांता कुमार समितीने जानेवारी २०१५ मध्ये सांगितले की हमीभावाने सरकारला माल विकणारे शेतकरी देशात जेमतेम सहा टक्के आहेत. समितीने हेही म्हटले होते की जिथे खरेदीची घडी बसली आहे ती राज्ये महामंडळाने त्यांच्या त्यांच्यावर सोडावीत आणि पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसाम अशा भागांकडे वळावे. त्याआधी २०१०-११ पासून पूर्व भारतात हरितक्रांती नेण्याची योजनाही चालू होती. बियाणे गेले, प्रात्यक्षिके झाली, पीक वाढलेही. वाढलेले पीक घ्यायला मात्र पंजाबच्या मंडीसारखा बाजार उभा राहिला नाही.

माझेच सांगतो. मागे एकदा डिसेंबरात बासष्ट कट्टे, म्हणजे पोती, धान घेऊन मी एका खरेदी केंद्रावर गेलो. ऑनलाइन नोंदणी झालेली, सातबारा जोडलेला. केंद्रावर उत्तर मिळाले, बारदाना नाही. गोणपाटाची पोती आली नाहीत म्हणून वजनच करायचे नाही. धान उघड्यावर, खाली ताडपत्री. तेवीस दिवस मी आणि धाकटा भाऊ पाळीपाळीने तिथे झोपलो. आधी दव पडले, मग कडक ऊन. ओलावा १७ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे. आमचे धान इतके वाळले की दाण्याला चिरा गेल्या. असे धान भरडले की तांदूळ तुटतो, कणी वाढते, आणि मग मिलर म्हणतो तुमच्याकडच्या मालाला उताराच नाही. शेवटी व्यापाऱ्याला दिले, क्विंटलमागे चारशे रुपये कमी घेऊन. सोसायटीचे कर्ज आणि मजुरांचे गुत्ते थांबत नाही. त्या वर्षी हमीभाव किती होता ते मला आठवत नाही. माझ्यासाठी तो नव्हताच.

पलीकडे सीमेला लागून छत्तीसगड आहे. तिथले सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपयांनी घेते. आमच्या सरकारने मधल्या काळात हेक्टरी वीस हजारांचा बोनस दिला, दोन हेक्टरपर्यंत. खरे सांगायचे तर त्या बोनसची कल्पना मला जास्त पटते. तो क्विंटलवर नाही, जमिनीवर आहे. जास्त पिकवून दाखवण्याचा, बाहेरचे धान आपल्या नावावर घालण्याचा मोह त्यात नाही. पण तो दरवर्षी मिळेलच याचा भरवसा नसतो, आणि भरवसा नसलेल्या पैशावर कोणी तलाव खोल करत नाही.

बियाण्याबद्दल थोडे. मे २०२५ मध्ये जनुक संपादन केलेल्या धानाच्या दोन जाती देशात जाहीर झाल्या. चांगले आहे. पण बियाण्याच्या बाबतीत मला दोन जुन्या गोष्टी जास्त आठवतात. एक ओडिशाची. तिथल्या एका देशी वाणात पुराखाली बुडूनही जगण्याचा गुण होता. त्याचे जनुक शास्त्रज्ञांनी शोधले, ‘स्वर्णा’ या लोकप्रिय जातीत आणले, आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा सब-१’ शेतकऱ्यांच्या हाती आली. दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली राहून ती पुन्हा उभी राहते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने आमच्या काठची धाने झोपली, तेव्हा अशी जात इथे घरोघर असती तर, असा विचार मनात आला. दुसरी गोष्ट घरची. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये त्यांना आपल्या बांधीत ‘पटेल-३’ च्या पिकात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून वर्षानुवर्षे निवड केली, आणि ‘एचएमटी’ हे बारीक धान जन्माला आले. नाव मनगटी घड्याळावरून पडले. अत्यल्प जमिनीचा, जेमतेम शिकलेला माणूस. त्यांचे धान पाच-सहा राज्यांत गेले. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या आजारपणातल्या ओढाताणीच्या बातम्या आम्ही वाचल्या होत्या.

सांगायचे हे की पावसावरच्या धानाची अक्कल आणि बियाणे, दोन्ही पावसाच्याच मुलखात आहेत. आमची हेक्टरी दोन टनांची मर्यादा ही काही देवाने घालून दिलेली नाही. कोकणात चारसूत्री पद्धत निघाली: धानाच्या तुसाची राख आणि पेंढा शेतातच परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, नेमक्या अंतरावर थोडी रोपे लावायची आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस तंत्र’ काढले. गादीवाफ्यावर टोकण, चिखलणी नाही, रोवणी नाही. मी अर्ध्या एकरात दोन वर्षे करून पाहिले. पहिल्या वर्षी तणाने जेर केले, दुसऱ्या वर्षी जमले. आलटून पालटून पाणी देणे आणि मध्ये बांधी सुकू देणे यानेही पाणी बरेच वाचते, शिवाय भरून ठेवलेल्या बांधीतून निघणारा मिथेन वायू कमी होतो. पण बांधी सुकू द्यायची तर पुन्हा हवे तेव्हा पाणी मिळेल याची खात्री लागते. ती खात्री मामा तलावाचा गाळ काढल्याशिवाय येत नाही.

आता आमचीच एक वाईट सवय सांगतो. हे वाचून गावात माझे स्वागत कसे होईल याची मला कल्पना आहे. आमच्याकडेही उन्हाळी धान वाढत चालले आहे. कालव्याच्या पाण्यावर असेल तिथे एक वेळ समजू शकतो. पण एप्रिलमध्ये, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, बोअरवेलने उभे केलेले धान हा पंजाबचाच पहिला धडा आहे. तो आम्ही गिरवतो, कारण उन्हाळी धानही सरकार विकत घेते, आणि लाखोळी, जवस, हरभऱ्याला तसा हमखास गिऱ्हाईक नाही. म्हणजे जे पीक बिनपाण्याचे येते त्याला बाजार नाही आणि जे पाणी पिते त्याला हमी आहे.

हरियाणा सरकारने २०२० मध्ये धान सोडणाऱ्याला एकरी सात हजार रुपये द्यायला सुरुवात केली. दिशा बरोबर आहे. पण धान सोडून मका लावला आणि मक्याला खरेदीदार नसला, तर शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा धानाकडेच येणार. पैसा एकदा मिळतो, बाजार दरवर्षी लागतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे. खर्चाच्या तक्त्यात प्रत्येक राज्यापुढे एक रकाना वाढवा: क्विंटलभर धानाला जमिनीखालचे किती पाणी गेले. भाव लगेच वेगवेगळा करा असे मी म्हणत नाही. तसे केले तर सीमेवरून ट्रक कसे फिरतात ते आम्ही रोज पाहतो. पण आकडा छापलेला असला की त्यावर बोलता येते. बिनमर्यादेच्या खरेदीचा फेरविचार करा, हे तुम्ही सरकारला आजवर सुचवत आलाच आहात. त्याच्या जोडीला हेही लिहा की खरेदीतली जी कपात उपसा झालेल्या तालुक्यांत होईल, तेवढीच वाढ पावसावरच्या तालुक्यांत व्हावी. नाहीतर कपात सगळ्यांत आधी आमच्याच केंद्रावर येईल, कारण आमचा आवाज लहान. उन्हाळी धानाची खरेदी धरणाच्या लाभक्षेत्रापुरती ठेवा. आणि ज्या जिल्ह्यात हलके, म्हणजे लवकर येणारे, धान दिवाळीच्या आसपास निघते तिथे केंद्रे त्याआधी उघडलेली असावीत, बारदाना आधी पोहोचलेला असावा, हे शिफारशीत तारखेसह घाला. तुम्ही भाव सुचवता, पोती पुरवणे तुमचे काम नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोत्यावाचून भाव नसतो.

तुम्ही राज्यांशी चर्चा करता तेव्हा मोठ्या शहरातल्या सभागृहात बसता. एखादी बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्या भागातल्या कुठल्याही खरेदी केंद्राच्या आवारात ठेवा. रात्री थंडी फार असते, स्वेटर आणावा. जेवण आमच्याकडे, नव्या एचएमटीचा भात आणि लाखोळीची डाळ.

आपला,
झाडीपट्टीतला एक धान उत्पादक

ता. क. : माझ्या बांधीवरच्या तलावाचा गाळ शेवटचा कधी काढला हे मी गावातल्या जाणत्यांना विचारले. तिघांनी तीन वेगवेगळी वर्षे सांगितली. तिन्ही माझ्या जन्माआधीची आहेत.